दोनदा वाजणारी घंटा

ऑगस्ट लागला की अबुधाबीत चष्मा वैरी होतो. एसी गाडीतून पाय बाहेर टाकला की काचांवर वाफ धरते आणि बंदराजवळच्या भाजीबाजारात मी मिनिटभर आंधळ्यासारखी उभी राहते. तेवढ्या मिनिटात नाक काम करतं. या मंगळवारी नाकानंच सांगितलं, द्राक्षं आली.

आमचा फळवाला केरळचा. त्याला माझी खोड माहीत आहे. एकरंगी, टपोरे घड तो इतरांसाठी मांडतो आणि निम्मे मणी जांभळे, निम्मे हिरवे असलेला, कुणीच घेणार नाही असा घड माझ्यासाठी बाजूला काढतो. "मॅडम, खट्टा है, मैं पहले बोल देता है," असं दरवर्षी बजावतो आणि मी दरवर्षी घेते. घरी आणून ताटलीत ठेवते. खात मात्र नाही. माझा नवरा विनय एकदा म्हणाला होता, "अगं टाक ना तो घड. उगाच कशाला छळ?" मी घड तिथंच राहू दिला आणि त्यानंही पुन्हा तो विषय काढला नाही.

असे अर्धवट रंगलेले घड मी पहिल्यांदा पाहिले ते फ्रान्समधल्या एका खेड्यात, पाच वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये. नव्वदचं दशक सरत आलं होतं. विनयच्या ऑफिसात एक फ्रेंच सर्व्हेअर होता आणि त्याच्या आईवडिलांचं गावाकडचं घर रिकामं होतं. त्यानं किल्ली एका पाकिटात घालून दिली आणि पाकिटावरच नकाशा काढला. चर्च, पाववाला, नदी, घर. एवढंच गाव. आम्ही तिघं नऊ दिवस तिथं राहिलो. मी, विनय आणि आमची तेरा वर्षांची मुक्ता.

पुढचं आधीच सांगून टाकते, कारण सगळा घोळ न सांगण्यानंच झाला. त्या सहलीवरून मुक्ताला अबुधाबीला परत आणायचं नव्हतं. तेव्हा आखातातल्या प्रत्येक मराठी घरात जेवणानंतर एकच विषय निघायचा, डोमिसाइल. मुलांची दहावी-बारावी महाराष्ट्रातून झाली नाही तर पुढे आपल्या राज्यात जागा मिळायची नाही, म्हणून मुलं वेळेत 'तिकडे' पोचवायची. आम्हीही पुण्यात माझ्या भावाच्या ओळखीनं एका शाळेत आठवीचा प्रवेश पक्का केला होता. गणपतीच्या सुट्टीनंतर हजर व्हायचं होतं. मुक्ता मामा-मामीकडे आणि आजीकडे राहणार. तिचे स्वेटर, पुस्तकं, पांघरूण असं सगळं एका खोक्यात भरून आम्ही ती शाळेत असताना जहाजानं पाठवूनही दिलं होतं. हे सगळं ठरलं होतं, फक्त मुक्ताला सांगितलं नव्हतं.

"ट्रिप कशाला खराब करायची?" विनय म्हणाला होता. "शेवटच्या दिवशी सांगू. शांतपणे."

मला ते पटलं. एवढ्या सहज कसं पटलं, याचा विचार मी अजून करते.

त्या घराच्या मागच्या पडवीत तीन जुन्या सायकली होत्या. मला कोण आनंद झाला! मी पुण्याची. कॉलेजची चार वर्षं मी सायकलवरच काढली. अबुधाबीत आल्यापासून मात्र माझे पाय विनयच्या गाडीला बांधलेले. ड्रायव्हिंगच्या टेस्टमध्ये मी तीनदा नापास झाले आणि चौथ्यांदा जायची लाज वाटली. भाजी आणायची तरी "कधी येतोस?" असा फोन करायचा. त्या गावात पहिल्या सकाळी मी कुणालाही न विचारता सायकल काढली आणि पाव घेऊन आले, तेव्हा माझी मलाच ओळख पटेना.

मुक्तालाही सायकल येत होती, पण कशी? ती शिकली होती आमच्या बिल्डिंगच्या सातव्या मजल्यावरच्या कॉरिडॉरमध्ये. लिफ्टपासून आमच्या दारापर्यंत एक सरळ पट्टा. जायचं, ब्रेक मारायचा, उतरून सायकल फिरवायची आणि परत यायचं. सहाव्या मजल्यावरची सना तिची मैत्रीण. सनाचे वडील खोर फक्कानच्या बंदरात नोकरीला होते आणि गुरुवारी घरी येत. आई रुबीनाभाभी रत्नागिरीच्या. त्या दोघी पोरी आळीपाळीनं तो पट्टा पालथा घालायच्या आणि रुबीनाभाभी वर येऊन म्हणायच्या, "अगो बायांनो, लोकांच्या चपला तुडवू नका."

तर आमची मुक्ता सरळ जाऊ शकत होती आणि थांबू शकत होती. वळण, चढ, उतार यांतलं काही तिनं पाहिलंच नव्हतं. द्राक्षमळ्यांमधल्या वाटेवर ती वीसेक पावलं गेली की आपोआप ब्रेक दाबायची. पुढे भिंत नव्हती, लिफ्ट नव्हती, मैलभर रस्ता मोकळा होता, तरी दाबायची. आम्ही हसलो. मग तीही हसली. "आई, माय हँड्स डू इट ऑन देअर ओन!" पहिलं वळण तिनं तिसऱ्या दिवशी घेतलं. घेतलं म्हणजे द्राक्षांच्या वेलात घुसली. कोपर सोलवटलं, केसांत पानं अडकली, आणि वर बघून म्हणते कशी, "धिस इज द बेस्ट प्लेस, आई."

मी तिचं कोपर धुतलं. त्याच वेळी सांगावं असं वाटलं होतं. पण जखमेवर अजून काय लावायचं, असं म्हणून राहिले.

विनयचं वेगळंच. आखातातला माणूस घराबाहेर पडताना आधी पाणी मोजतो. टेकडीवरच्या जुन्या प्रार्थनाघरापर्यंत पायवाट जायची, दगडांवर पिवळ्या रंगाचे पट्टे मारून खुणा केलेल्या. तासाभराची चढण, हवा थंडगार, आणि हा पाठीवर सहा लिटर पाणी घेऊन चालतोय. वाटेत भेटलेल्या म्हाताऱ्यांनी त्या बाटल्या पाहून काहीतरी विचारलं. शाळेतल्या फ्रेंचच्या जोरावर मुक्तानं भाषांतर केलं, "ते विचारतायत, आपण वाळवंट क्रॉस करणार आहोत का?" विनय ओशाळून हसला. पण त्याचं हसू लगेच मावळायचं. मळ्यातून, नदीकाठच्या धुण्याच्या दगडांवरून, पडक्या बुरुजावरून, जिथून जिथून आम्ही फिरलो तिथं तो मुक्ताचे फोटो काढत होता. आमचे नाही, फक्त तिचे. तीन रोल संपवले. "बाबा, एनफ!" ती ओरडायची. आता ते अल्बम उघडले की कळतं, प्रत्येक फोटोत ती वैतागलेली आहे.

सकाळी गारठा असायचा. रोज उठून ती बॅग उपसायची. "माझा निळा स्वेटर कुठंय?"

"घरी राहिला गं," मी म्हणायचे.

निळा स्वेटर तेव्हा मुंबईच्या गोदीत कुठंतरी होता. मी तिला माझी शाल गुंडाळायला द्यायचे. त्या शालीत ती सायकलवरून जाताना मागून छोटीशी बाई दिसायची.

त्या गावाच्या चर्चची घंटा प्रत्येक तासाचे ठोके दोनदा द्यायची. आठ वाजले की आठ ठोके, आणि दोन मिनिटांनी पुन्हा आठ. पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं घड्याळ बिघडलंय. शेजारी ओदेत नावाच्या आजीबाई राहायच्या, सत्तरीच्या, स्वतःचा लहानसा मळा राखणाऱ्या. मुक्तानं शाळेत हिंदीऐवजी फ्रेंच घेतलं होतं. मला तेव्हा राग आला होता, पण आता तीच आमची वाचा झाली होती. तिनं ओदेतआजींना विचारलं आणि आम्हाला सांगितलं, "पहिल्यांदा कोणी शेतात कामात असेल, ऐकलं नसेल, तर त्यांच्यासाठी सेकंड टाइम."

मला ते फार आवडलं. चुकलेल्यांना दोन मिनिटांची मुदत देणारं गाव.

सातव्या दिवशी संध्याकाळी ओदेतआजींनी आम्हाला मळ्यात नेलं. तोडणीला अजून महिना होता. त्या रोज एका ठरलेल्या वेलीचा एक मणी तोंडात टाकून बघायच्या, बी चावून थुंकायच्या आणि मान हलवायच्या. अजून नाही. अर्धे हिरवे, अर्धे जांभळे घड पानांआडून लोंबत होते. त्यांनी आम्हालाही एकेक मणी दिला. माझ्या वाट्याला हिरवा आला, दात आंबले. मग त्या मुक्ताशी काहीतरी बोलल्या, मुक्ताचा चेहरा खुलला आणि ती माझ्याकडे वळली.

"आई, शी इज आस्किंग, आपण घरी कधी जाणार? ती म्हणते, तोडणीला थांबा ना. मी सांगितलं माझी शाळा आहे. पुण्याला आजीकडे चार दिवस, आणि मग घरी. करेक्ट ना?"

विनय खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. नाडी सुटलेली नव्हती.

तेवढ्यात घंटा सुरू झाली. सात ठोके. ओदेतआजी माझ्याकडे बघत होत्या, मुक्ता बघत होती. माझ्या तोंडात ते आंबट बी होतं. मी गप्प राहिले. घंटा थांबली. ती दोन मिनिटं मला आजही जशीच्या तशी आठवतात. पानांवरचा पांढुरका औषधाचा थर, मुक्ताच्या कोपरावरची खपली, नाडीशी झटणारा विनय. घंटा पुन्हा वाजायला लागली आणि मी म्हणाले,

"हो. करेक्ट. मग घरी."

मुक्तानं ते फ्रेंचमध्ये करून सांगितलं. माझी थाप माझ्याच लेकीनं, चांगले उच्चार करून, परक्या भाषेत पोचवली. ओदेतआजींनी तिचा गाल थोपटला आणि पुढच्या वर्षी तोडणीलाच या म्हणाल्या. मुक्तानं तर कबूलच केलं.

हे मी कुठून शिकले? लांब जायलाच नको. माझे वडील गेले तेव्हा भावाचा अबुधाबीला फोन आला होता, "बाबांना जरा बरं नाहीये. जमलं तर येऊन जा." जरा. आखातात अशीच बातमी येते. प्रवास करायच्या माणसाला खरं सांगायचं नाही, तो सुखरूप पोचू दे, मग सांगू, ही आपल्या सगळ्यांची रीत. मी बाबांसाठी विमानतळावर दाढीचा साबण घेतला होता, त्यांना आवडायचा तो. रिक्षातून उतरले तर दारात चपलांचा ढीग. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आधी चहा घे." दोन वर्षं मी भावाशी धड बोलले नाही. मला आठ तास आधी रडायचा हक्क होता, तो तू काढून घेतलास, असं त्याला तोंडावर म्हणाले. आणि मीच, माझ्याच हातानं, माझ्या पोरीला तेच ताट वाढलं.

शेवटचा दिवस उजाडला. विनय म्हणाला, तू सांग, तुझं ऐकते ती. मी म्हटलं, ठरवलंस तू, तूच सांग. ती नदीकाठी दगड शोधत होती. सनानं खऱ्या नदीतला दगड मागितला होता. दोघींनीही तोवर वाहती नदी जवळून पाहिली नव्हती. तासभर निवडून तिनं एक करडा, चपटा, मधोमध पांढरी रेघ असलेला दगड घेतला आणि मोज्यात गुंडाळून ठेवला. आम्ही म्हटलं, जाऊ दे, पुण्यात पोचल्यावर सांगू.

आमचं विमान अबुधाबीवरूनच मुंबईला जाणार होतं. तीन तास ट्रान्झिट. काचेपलीकडे पहाटेचं धुरकट पिवळं आकाश आणि अर्ध्या तासावर आमचं घर. मुक्ता काचेला नाक लावून उभी होती.

"बाबा, कॅन वी गो होम फॉर वन अवर? सनाला दगड देते आणि येते. प्लीज."

"वेळ नाही गं बेटा," विनय म्हणाला.

"थ्री आवर्स आहेत!"

"म्हटलं ना नाही. खलास." आणि तो कॉफी आणायला गेला तो बोर्डिंगची घोषणा होईपर्यंत आलाच नाही.

पुण्यात भावाच्या घराचं दार उघडलं आणि हॉलमध्येच ते खोकं होतं. आमच्या आधी येऊन बसलं होतं. त्यावर विनयच्या ठसठशीत इंजिनिअरी अक्षरात, काळ्या मार्करनं, मुक्ताचं पूर्ण नाव. खाली पुण्याचा पत्ता. त्याच्याही खाली पाठवल्याची तारीख.

मामी हौसेनं म्हणाली, "बघ, तुझी खोली पण लावून ठेवलीय."

मुक्ता खोक्याजवळ गेली. तारखेवरून बोट फिरवलं. ती रडली नाही, ओरडली नाही. एवढंच म्हणाली, "यू पॅक्ड मी बिफोर फ्रान्स?" मग जरा वेळानं, मराठीत, "सनाला मी बाय पण नाही म्हटलं."

विनय मोठ्यानं काहीतरी भविष्याबद्दल बोलायला लागला. माझ्या आईनं, तिच्या आजीनं, त्याला हातानं गप्प केलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की मला दाढीच्या साबणाचा वास आला.

त्यानंतरची वर्षं आम्ही सहा-सहा महिन्यांची जगलो. रेसिडन्स व्हिसा असा की माणूस सहा महिन्यांच्या आत एकदा परत आला नाही तर व्हिसाच मरतो. मग 'व्हिसा जिवंत ठेवायला' मुक्ता डिसेंबरात यायची, मे-जूनमध्ये यायची. बिल्डिंगमधल्या निम्म्या घरांतली मुलं अशीच यायची, पाहुण्यासारखी. पहिल्या डिसेंबरात ती आली तेव्हा सनाचं कुटुंब खोर फक्कानला राहायला गेलं होतं. आम्ही डोंगर ओलांडून तिला तिथं घेऊन गेलो. रुबीनाभाभींनी घावने केले, "किती बारीक झालीस गो," म्हणून तिला जवळ घेतलं. दोन्ही पोरी मात्र सोफ्यावर, बैठकीला आलेल्या बायकांसारख्या, मध्ये उशी ठेवून बसल्या.

"यू शुड हॅव टोल्ड मी," सना म्हणाली.

"आय डिडंट नो."

"हाउ कॅन यू नॉट नो?"

खरंच होतं. कोण विश्वास ठेवेल? स्वतःच्या जाण्याची बातमी नसलेलं माणूस कुणी पाहिलंय? मी तिथंच बसले होते. "अगं, तिला खरंच माहीत नव्हतं, आम्हीच सांगितलं नाही," एवढं एक वाक्य मला मध्ये टाकता आलं असतं. रुबीनाभाभी समोर होत्या. मला लाज वाटली. मी चहाची कपबशी उचलली. सनासाठी बाहेर काढलेला तो चपटा दगड टीपॉयवर तसाच राहिला आणि निघताना मुक्तानं तो परत पर्समध्ये टाकला.

फोनवर ती नेहमी नीट बोलते. शुक्रवारी आम्ही फोन करतो. "कशी आहेस?" "फाइन, आई." "जेवलीस?" "हो." अकरावीत स्कूटरवरून पडून तिचं मनगट मोडलं होतं, हे मला दोन महिन्यांनी वहिनीच्या बोलण्यातून कळलं. विचारलं तर म्हणाली, "तुम्ही लांब होतात. काय केलं असतंत?" तिच्या आवाजात टोमणाही नव्हता. ती आमची रीत छान शिकली होती.

यंदा ती मेनंतर पुन्हा ऑगस्टमध्येही आली. बारावी झाली आहे, पुण्यातच प्रवेश मिळाला आहे, म्हणजे ज्यासाठी केलं ते सगळं झालं. विनय मित्रांना पेढे वाटत सांगतो, "डिसिजन करेक्ट निघाला." मी पेढ्यांचा बॉक्स धरून त्याच्याबरोबर फिरते.

या मंगळवारी द्राक्षं घेऊन घरी आले तेव्हा अकरा वाजले होते. मुक्ता आंघोळीला गेली होती. तिच्या चादरी बदलाव्यात म्हणून मी खोलीत गेले, गादीचं टोक उचलताना पायाला काहीतरी लागलं. पलंगाखाली खोकं होतं. टेप न लावलेलं. आत तिचे लहानपणचे फोटो, शाळेची पदकं, भिंतीवरचा नकाशा घडी करून, आणि एका जुन्या मोज्यात काहीतरी जड. मोजा उघडून बघायची गरज नव्हती. खोक्यावर काळ्या मार्करनं तिनं स्वतःचं नाव घातलं होतं. अक्षर अगदी विनयसारखं.

मी कपाट उघडलं. तीन हँगर रिकामे लटकत होते.

ती केस पुसत आली आणि मला खोक्याजवळ जमिनीवर बसलेली बघून थांबली.

"हे काय आहे?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. काही काही वेळा आईपणाचा जोर आपोआप येतो, हक्क नसला तरी.

"मी जानेवारीत येणार नाहीये, आई. व्हिसा लॅप्स होऊ दे. दर सहा महिन्यांनी येऊन मी इथं राहते असं दाखवायचं... आय डोंट वाँट टू."

"आणि हे आम्हाला कधी कळणार होतं?"

ती माझ्याशेजारी जमिनीवर बसली. ओल्या केसांचं पाणी माझ्या दंडावर पडत होतं. ती रागावलेली नव्हती, हेच मला सोसेना.

"सांगणार होते," ती म्हणाली. "शेवटच्या दिवशी."

मला विचारावंसं वाटलं, की हे वाक्य तू मुद्दाम बोललीस का? पण तिच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. आमच्या घरात बातमी शेवटच्या दिवशीच सांगतात, तिला तेवढंच माहीत होतं. मग पाच वर्षं मनात ठेवलेलं मी बोलले. त्या मळ्यात, घंटा वाजत असताना, मला खरं सांगता आलं असतं. तुला सनाचा निरोप घेऊ द्यायला हवा होता. खोर फक्कानलाही मी गप्प बसले. चुकलं माझं.

"आय नो," ती म्हणाली. मग माझ्या पदरानं तिनं स्वतःचे केस टिपले, लहानपणी टिपायची तसे. "मला माहीत होतं गं तू मळ्यात खोटं बोलतेयस. म्हणजे, तेव्हा नाही. खोकं बघितलं तेव्हा आठवलं, की तू उत्तर द्यायला खूप वेळ घेतला होतास."

स्वयंपाकघरात जाऊन मी चिकटपट्टी आणि कात्री आणली. जाता जाता विनयला ऑफिसात फोन लावला आणि म्हटलं, लवकर घरी ये, मुक्ताला आपल्याशी बोलायचंय. काय बोलायचंय ते त्याला फोनवरच, तेव्हाच, सगळं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग "येतो," म्हणाला.

मुक्ताचं विमान शुक्रवारी होतं. म्हणजे आमच्या हातात अजून तीन दिवस होते. तिला आम्ही एकही दिला नव्हता.